सहा चाळीसला सुखरूप

१

सहाशे नऊ नंबरच्या खोलीत रक्त नव्हतं, मोडतोड नव्हती, कोणी मरूनही पडलेलं नव्हतं. धूळ होती. टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर, पुस्तकांच्या कडांवर, सगळीकडे सारखी बसलेली. कपात चहा वाळून तळाशी काळं कडं झालं होतं. दात घासायच्या ब्रशचे केस बोटाला टोचतील इतके कडक झाले होते. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं आणि ते एकोणीस दिवसांपूर्वीच्या तारखेवर थांबलं होतं.

"धाकटी कुठे आहे माझी?" मुलीच्या आईने विचारलं. गाडीतून उतरून ती थेट माझ्याकडे आली होती आणि मला बरोबर घेऊन इथे.

त्या इमारतीचा व्यवस्थापक दारात उभा होता. या माणसाला मी कधी टायशिवाय पाहिलेलं नाही, त्यामुळे आमच्या वसतिगृहात त्याला टायवाला म्हणतात. त्याने हातातला स्क्रीन आमच्याकडे वळवला.

"मॅडम, तुम्ही उगाच घाबरताय. ही बघा नोंद. आज सकाळी आठ दहाला बाहेर गेली. संध्याकाळी सहा चाळीसला येईल. रोजच येते."

आईने खोलीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि मटकन पलंगावर बसली. चादरीवरची धूळ उडाली.

मी कोण ते सांगते. रस्त्याच्या अलीकडे विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह आहे, त्याची मी रेक्टर. बावीस वर्षं झाली. बावन्न खाटा, बहुतेक खोल्यांत तीन-तीन, न्हाणीघराला रांग, भिंतींना ओल. पलीकडे तीन वर्षांपूर्वी ही खाजगी इमारत उभी राहिली. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, कार्डाने उघडणारं दार, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरा, आणि मुलगी आत आली की आईवडिलांच्या फोनवर संदेश: 'आपली पाल्य सुखरूप परतली आहे.' तो संदेश वाचून लोक आमच्याकडच्या मुली काढून तिकडे नेऊ लागले. आमचं वसतिगृह बंद करून सगळ्याच मुली तिकडे पाठवाव्यात का, हे ठरवायला विद्यापीठाची समिती येत्या आठवड्यात बसणार होती. त्यामुळे त्या इमारतीबद्दल माझ्या पोटात फार माया नव्हती, हे आधीच कबूल करते.

ही मुलगी आमच्याकडे सतरा नंबरच्या खाटेवर होती. हसरी, बडबडी, वर्षभर राहिली. या सत्राच्या सुरुवातीला आईने तिला तिकडे हलवलं. माझ्या खिडकीतून तिची नवी खोली दिसायची. रोज संध्याकाळी तिथे दिवा लागला की मी मनात म्हणायचे, आली बाई सतरा.

कालही लागला होता. मी स्वतः बघितला होता.

२

माझी नणंद गुडघ्याच्या दुखण्यासाठी महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. पोलीस खात्यात तीस वर्षं काढून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेली बाई. गुडघा सोडला तर बाकी सगळं अजून नोकरीत असल्यासारखं. मी मुलीच्या आईला धरून घरी आणलं तेव्हा वन्सं शेकायची पिशवी गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी पहिला फोन चौकीत केला. तिथला अधिकारी एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता.

"रात्री आठ वाजता तो माणसं घेऊन येतोय," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "तोवर आपण घरगुती प्रश्न विचारू. ते पोलिसांना सुचत नाहीत."

मग त्या आईकडे वळल्या. "ताई, शेवटचं बोलणं कधी झालं?"

आईने पदराशी चाळा केला. "तीनेक आठवडे झाले असतील."

"तीन आठवडे फोन नाही?"

"संदेश येत होते ना. रोज. सहा चाळीसला सुखरूप. मला वाटलं, आहे नीट. थोडा अबोला होता आमच्यात. परवा मीच फोन केला तर बंद. काल बंद. आणि संदेश मात्र वेळेवर. तेव्हा पहिली गाडी धरली."

"अबोला कशावरून?"

"काही नाही. असंच. आई-मुलीत होतं तसं."

वन्संनी पिशवी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. खोटं कानावर पडलं की त्यांचा गुडघा दुखायचा थांबतो, असं माझे यजमान म्हणतात.

"मला खोली बघायचीय," त्या म्हणाल्या.

टायवाल्याने तोंड वाकडं केलं, पण 'चौकी' हा शब्द ऐकून कार्ड काढलं. वन्संनी खोलीत कशालाही हात लावला नाही. हात मागे बांधून मधोमध उभ्या राहिल्या आणि मान तेवढी फिरवत राहिल्या. टेबलावर थर्मामीटर होता. शेजारी तापाच्या गोळ्यांची पट्टी, दोनच उरलेल्या. खणात बंद पडलेला फोन. कपाटात कपडे, कपाटावर बॅग.

"बॅग ठेवून गेली, कपडे ठेवून गेली, फोन ठेवून गेली," वन्सं म्हणाल्या. "ताई, नीट बघून सांगा, काय दिसत नाही?"

आईने कपाट उघडलं, मिटलं, खण बघितले. मग पलंगाकडे पाहून थांबली. पलंगावर इमारतीच्या नावाचा शिक्का असलेली पांढरी उशी होती.

"तिची उशी नाहीये," ती म्हणाली. "मी शिवलेली. निळ्या फुलांची. लहानपणापासून तिला तिच्याशिवाय झोप येत नाही."

"उशी?" टायवाला हसला. "मॅडम, आमच्याकडे उशी, चादर, टॉवेल, सगळं मिळतं. पळून जाणारी मुलगी उशी कशाला नेईल?"

"तेच म्हणते मी," वन्सं म्हणाल्या. "कशाला नेईल?"

खाली उतरताना त्यांनी त्याला सहज विचारलं, "खोली झाडायला कोणी येत नाही?"

"रहिवाशाने मोबाइलवरून मागणी केली तरच. आम्ही कोणाच्या खाजगीपणात ढवळाढवळ करत नाही."

"शेजारच्या खोलीतली मुलगी?"

"शेजारी कोण राहतं हे इथे कोणालाच माहीत नसतं. तीच तर आमची खासियत आहे."

लिफ्टमध्ये वन्सं माझ्या कानाशी आल्या. "वहिनी, सध्या कॉलेजला अभ्यासाची सुट्टी आहे ना?"

"आहे की. तीन आठवड्यांची. परवा परीक्षा सुरू."

"मग ही मुलगी रोज सकाळी आठ दहाला जाते कुठे?"



३

दुपारी वन्संनी आमच्या वसतिगृहात फेरी मारली. आधी स्वयंपाकघर, कारण पोटात काही नसलं की त्यांचं डोकं चालत नाही. मावशी भांडी निथळत होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठा आकडा लिहिला होता: ५२.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"जेवणारांचा आकडा," मावशी म्हणाल्या. "बाई रोज हजेरी झाली की सांगतात आणि मी लिहिते. तेवढीच ताटं मांडते. उगाच अन्न वाया नको."

"एकही मुलगी सुट्टीत घरी गेलेली नाही?"

"परीक्षा तोंडावर आली. कोण जातंय?"

आमची हजेरी हे एक जुनं प्रकरण आहे. संध्याकाळी साडेसातला मी व्हरांड्याच्या टोकाला टेबलाशी बसते. मुली आपापल्या दारात उभ्या राहतात. मी नावं घेत नाही, खाटांचे नंबर घेते, एक ते बावन्न, पाढ्यासारखे. त्या 'हजर' म्हणतात आणि प्रत्येक हजरला माझा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढे सरकतो. वहीत तारीख घालायची, शेवटी आकडा लिहायचा, सही करायची. मान वर करायची गरज पडत नाही. व्हरांड्यातला दिवा असाही मिणमिणता. हे सगळं मी वन्संना मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि वर म्हणाले, "बघा, माणसाचा आवाज तो माणसाचा आवाज. कार्डाला काय कळतं?"

वन्सं ताक पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला आणि फळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

मग आम्ही सहा नंबरच्या खोलीवर गेलो. सोळा, सतरा, अठरा या खाटा तिथे. अठरा नंबरची मुलगी दारातच आली आणि दार मागे ओढून घेतलं. या मुलीची वेणी गुडघ्यापर्यंत, म्हणून सगळ्या तिला लांबवेणी म्हणतात. सतराशी तिचं सख्ख्या बहिणींसारखं होतं.

"तुझी मैत्रीण त्या खोलीत नाहीये," वन्संनी सरळच सांगितलं.

लांबवेणीचा चेहरा हलला नाही. "असेल की. त्यांचं मशीन सांगतं ना ती आहे म्हणून. मशीनलाच विचारा."

"तू कधी भेटलीस तिला शेवटचं?"

"आमच्यासारख्यांना त्या इमारतीत सोडतात कुठे? पाहुण्यांचं वेगळं कार्ड लागतं."

"तिची आई आलीय."

आता मात्र मुलीचे डोळे लुकलुकले. "आली? कितव्या दिवशी?"

"एकोणिसाव्या," वन्सं म्हणाल्या.

लांबवेणीने नुसती मान हलवली, अभ्यास आहे म्हणाली आणि आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. माझं डोकं तडकलं होतं. मैत्रीण नाहीशी झाली आणि हिला अभ्यास सुचतोय.

"अहो, हिला काही माहीत असेल तर चांगली खडसावून विचारू," मी म्हणाले.

"हिने एक चूक केली," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "मैत्रीण हरवली कळलं की माणूस विचारतं, कधीपासून? हिने विचारलं, कितव्या दिवशी. पण आत्ता तिला हात लावायचा नाही. या पोरी एकमेकींसाठी जीभ चावून घेतील. आधी मला ती सहा चाळीसला परतणारी कोण, ते बघायचंय."

४

साडेसहाला आम्ही तिघी खाजगी इमारतीच्या फाटकात उभ्या होतो. मी, वन्सं आणि आई. आत जायला एक फिरता दांडा आहे. कार्ड टेकवलं की तो कट्ट करून एकालाच आत सोडतो. शेजारी काचेच्या खोलीत टायवाला बसतो आणि त्याच्यासमोरच्या पडद्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खोली नंबर उमटतात. वन्सं काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

दिवस मावळत आला होता. सहा पस्तीसला एक मुलगी कानात गाणी घालून आली, दांडा कट्ट झाला, पडद्यावर तिचा नंबर आला. सदतीसला आणखी एक. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग रस्ता रिकामा झाला.

आईने माझा दंड धरला होता. तिची बोटं रुतत होती. तिला वाटत होतं, आता वळणावरून धाकटी येईल. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं.

सहा चाळीस.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दांडा जागचा हलला नाही. आणि पडद्यावर नंबर उमटू लागले. दोनशे चार, परतली. तीनशे अकरा, परतली. चारशे दोन, चारशे तीन, परतली, परतली. एकामागून एक, दोन-दोन सेकंदांनी, अकरा मुली त्या बंद दांड्यातून, आमच्या समोरून, आमच्या अंगावरून म्हणा ना, आत गेल्या. शेवटचा नंबर सहाशे नऊ. वर सहाव्या मजल्यावर तिच्या खोलीत दिवा लागला.

आईच्या हातातला फोन किणकिणला. 'आपली पाल्य सुखरूप परतली आहे.'

ती ओरडली नाही. फोन जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरकली.

वन्सं काचेचं दार ढकलून आत गेल्या. आम्हीही मागोमाग. टायवाला उभा राहिला होता आणि त्याचा टाय पहिल्यांदाच वाकडा झाला होता.

"अकरा मुली आत्ता आल्या," वन्सं म्हणाल्या. "मला एकही दिसली नाही. म्हातारपणामुळे असेल. तुम्ही दाखवा."

"तांत्रिक बाब आहे, मॅडम."

"आठ वाजता पोलीस येतायत. त्यांना तांत्रिक समजत नाही. त्यांना एवढंच समजतं की एक मुलगी एकोणीस दिवस नाहीशी आहे आणि ती रोज परत येते असं तुम्ही तिच्या आईला कळवताय. मी तुमच्या जागी असते तर मला दरदरून घाम फुटला असता."

तो खाली बसला. मग हळूहळू बोलता झाला. दहा खोल्या रिकाम्याच होत्या. पण समितीला इमारत भरलेली दिसायला हवी होती, मुलींची पसंती आम्हालाच आहे असं दाखवायला. म्हणून त्या दहा खोल्यांची कार्डं मशीनने सकाळी आठ दहाला बाहेर काढायची, संध्याकाळी सहा चाळीसला आत आणायची आणि दिवे लावायचे, असं त्याने शिकवून ठेवलं होतं.

"आणि सहाशे नऊ? ती तर खरी मुलगी होती."

"कार्ड दिवसभर हललं नाही तर मशीन आईवडिलांना इशारा पाठवतं. असे इशारे गेले की लोक घाबरतात, चौकशा करतात, खोल्या सोडतात. मुली काय, कधीकधी दिवस दिवस झोपून राहतात. म्हणून मी मशीनला सांगितलं, जे कार्ड हलत नाही ते तूच हलव. मी तिला काही केलं नाही, मॅडम. आईशपथ. तिचं तोंडही मला आठवत नाही."

त्याचं हे शेवटचं वाक्य खरं होतं, हे आम्हा तिघींनाही कळलं. अंगावर काटा आला तो त्यामुळेच.

"खऱ्या नोंदी वेगळ्या काढता येतात?" वन्संनी विचारलं.

त्याने बटणं दाबली. सहाशे नऊची शेवटची खरी नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची होती. दुपारी चार पंचवीस. बाहेर. त्याच्या आधीचे तीन दिवस मात्र सगळ्या नोंदी मशीनच्या होत्या. आठ दहा, सहा चाळीस.

"म्हणजे ते तीन दिवस ती खोलीतून हललीच नव्हती," वन्सं म्हणाल्या. "थर्मामीटर, गोळ्या. आत तापाने फणफणत पडली होती आणि मशीन तिला रोज फिरवून आणत होतं."

माझ्यामागे आईने असा काही आवाज काढला की टायवालाही दचकला.

५

"तिने मला फोन केला होता," आई म्हणाली.

आम्ही तिला माझ्या कचेरीत आणून बसवलं होतं. ती सगळं एका दमात बोलली, जणू थांबली असती तर परत बोलता आलंच नसतं.

"तिसऱ्या दिवशी. म्हणाली, आई, मला खूप ताप आहे, तीन दिवस उठले नाहीये, इथे कोणी दार वाजवत नाही, मला वसतिगृहात परत जायचंय. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. मला रोज संदेश येतो. सकाळी आठ दहाला गेलीस, सहा चाळीसला आलीस. तिकडे उनाडायला मिळतं म्हणून तुला वसतिगृह हवंय. ती म्हणाली, आई, मी गेले नाही ग, मी इथे पडलेय. माझं नाव लावून कोणीतरी दुसरंच जातं-येतं, मला भीती वाटते. मी म्हटलं, नाटकं पुरे. आणि ठेवला फोन." तिने डोळे पुसले नाहीत. "मी मशीनवर विश्वास ठेवला. पोटच्या पोरीवर नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण तेवढंच हाताशी होतं.

सव्वासात वाजले होते. हजेरीला पंधरा मिनिटं. मी सवयीने वही उघडली आणि वन्संना म्हणाले, "आता हो? एकोणीस दिवस तिच्या मागावर कोणीच नाही. अशक्त पोर, कुठे पडली असेल, कोणाच्या हाती लागली असेल."

"वहिनी, तुम्ही विचार करू नका, फक्त उत्तरं द्या," वन्सं म्हणाल्या. "तापातून जेमतेम उठलेली मुलगी, जवळ बॅग नाही, कपडे नाहीत. भर दुपारी काखेत उशी मारून निघते. किती लांब जाईल?"

"फार तर रस्ता ओलांडेल."

"फोन मुद्दाम ठेवून जाते, कारण त्यावरून खरं सांगूनही कोणाचा विश्वास बसला नाही. जिथे जायचं तिथे कपड्यांची अडचण नाही, मैत्रिणींचे चालतात. पण उशी मात्र लागणार, असं तिला पक्कं माहीत आहे. अशी जागा कुठली?"

माझ्या तोंडून बावीस वर्षांचा नियम आपोआप बाहेर पडला. दर वर्षी नव्या मुलींना मी पहिलं वाक्य हेच ऐकवते. "गादी वसतिगृहाची, उशी आपापली."

आईने मान वर केली.

"पण वन्सं, ती इथे कशी असेल? रोज हजेरी होते. मला कळलं नसतं?"

"तुमच्याकडे खाटा किती?"

"बावन्न."

"सतरा नंबरची?"

"रिकामी. ती गेल्यापासून कोणाला दिलीच नाही."

"काल हजेरीला किती हजर?"

मी वहीत पाहिलं. तारीख, सही आणि माझ्याच अक्षरात आकडा. बावन्न. परवा बावन्न. मी पानं मागे उलटत गेले. एकोणीस पानं बावन्न. आणि विसाव्या पानावर, त्याच्या आधीच्या सगळ्या पानांवर, एक्कावन्न.

माझा अंगठा बोटांच्या पेरांवर जागच्या जागी थिजला. रोज मी "सतरा" म्हणत होते, जिभेच्या सवयीने. आधी तिथे क्षणभर शांतता असायची आणि मी अठरावर जायचे. मग कधीतरी ती शांतता भरली आणि माझ्या कानाला उलट बरंच वाटलं असणार, कारण पाढा पुरा झाला.

"त्या माणसाच्या मशीनला काय बोलायचं ते बोला," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते जास्त लागलं. "पण न बघता हजर मांडायचं काम तुमच्या वहीने त्याच्या कितीतरी आधी सुरू केलंय, वहिनी."

आई दाराकडे धावली. वन्संनी तिला अडवलं. "दारं वाजवत गेलात तर पोरी तिला मागच्या अंगणातून बाहेर काढतील. तुम्ही तिला परत तिकडेच नेणार, एवढंच त्यांना माहीत आहे. ती रोज स्वतःहून हजर म्हणते. म्हणू दे."

६

साडेसातला मी व्हरांड्याच्या टोकाला बसले. दिवा मिणमिणत होता. माझ्या मागे कचेरीचं दार अर्धवट लोटलेलं आणि त्यामागे आई. तिचा श्वास मला ऐकू येत होता. वन्सं भिंतीला टेकून गुडघा चोळत होत्या.

"एक."

"हजर."

"दोन."

"हजर."

नंबर पुढे सरकले. मी मान वहीत घातली होती, नेहमीसारखी. पण आज पहिल्यांदा मला ते आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. नऊ नंबरचा घसा बसलाय. बारा नंबरची रडून आल्यासारखी. या मुली दोन वर्षं माझ्यासमोर उभ्या होत्या आणि यांतल्या निम्म्यांचे चेहरे मला डोळे मिटून सांगता आले नसते.

"सोळा."

"हजर."

"सतरा."

काहीच नाही. व्हरांड्याला जणू एकदम कोणी तोंडावर हात ठेवून गप्प केलं. आई आल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं. कुठेतरी बांगडी वाजली आणि थांबली. मागे दाराची बिजागरी करकरली.

बावीस वर्षांत मी कुठलाही नंबर दोनदा घेतलेला नाही. जो बोलला नाही तो नाही, पुढे चला.

"सतरा," मी परत म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, "कोणी कुठे नेणार नाही तुला."

"हजर."

मी मान वर केली. सहा नंबरच्या दारात लांबवेणीच्या मागून ती पुढे आली. दुसऱ्या कोणाचा तरी ढगळ सदरा, गालाची हाडं वर आलेली, निळ्या फुलांची उशी छातीशी धरलेली.

"बाई, यांना कोणाला रागावू नका," ती म्हणाली. "यांनी रोज जास्तीचं ताट गुपचूप मला खोलीत आणून दिलं. तुम्ही आकडा वाढवलात तेव्हा आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मुद्दाम गप्प आहात."

माझं चांगुलपण म्हणून त्या ज्याच्यावर एकोणीस दिवस विसंबल्या, तो माझा निव्वळ निष्काळजीपणा होता. मी मान खाली घातली आणि परत वर केली.

आई बाहेर आली होती. दोघींच्या मध्ये चार पावलं उरली आणि तिथे ती थांबली. पुढे जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मी मोजत होते," मुलगी म्हणाली. "तुझा मशीनवर किती दिवस विश्वास टिकतो ते. मला वाटलं होतं, पाच दिवसांत येशील."

बाकीच्या मुली आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणी हललं नाही. आईने काही सांगायला तोंड उघडलं. संदेशाचं, अबोल्याचं, गाडीचं, काय असेल ते. मग मिटलं. चार पावलं चालून गेली आणि हाताची मागची बाजू लेकीच्या कपाळाला लावली.

"ताप उतरला का ग?" तिने विचारलं.

मुलीने उशी सोडली. ती दोघींच्या पायांत पडली आणि बराच वेळ कोणी उचलली नाही.

आठ वाजायच्या आधीच फाटकात चौकीच्या गाडीचा आवाज आला. वन्सं लंगडत तिकडे निघाल्या, टायवाल्याची कहाणी सांगायला. माझ्यापुढे वही उघडी होती आणि पस्तीस नंबर उरले होते.

"अठरा," मी म्हणाले आणि ती 'हजर' म्हणेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.